कोणत्या तोंडानं

दारू सोडलेल्या बायकांच्या रविवारच्या मीटिंगला कुमुदताई आल्या नाहीत, म्हणून तारा सरळ त्यांच्या घरी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. गेल्या उन्हाळ्यात ताराची दारू सुटली ती याच निवृत्त मुख्याध्यापिकेच्या आधारानं. आणि आज त्या स्वतःच स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या, शेजारी अर्धी बाटली.

"जा तू," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "वास येईल तुला. पुन्हा सुरू होईल तुझी."

वास आलाच होता. पण ताराला ना राग आला, ना प्यावंसं वाटलं. आत सगळं बधिर झालं होतं. तिनं बाटली मोरीत ओतली, नळ सोडला, ओल्या पंच्यानं कुमुदताईंचं तोंड पुसलं आणि त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसून राहिली. अंधारून आलं तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.

"आता कोणत्या तोंडानं येऊ गं तिथं? सगळ्यांना मीच शिकवत होते."

"ज्या तोंडानं मी आले होते," तारा म्हणाली.

पुढच्या मीटिंगला कुमुदताई टेबलामागच्या आपल्या खुर्चीकडे गेल्याच नाहीत, दाराशी बसल्या. बोलायची पाळी आल्यावर उठल्या.

"मी कुमुद. मी मद्यपी आहे. गेल्या रविवारी पुन्हा प्यायले."

"नमस्कार, कुमुदताई," सगळ्याजणी म्हणाल्या.

तारा उठली, आपली खुर्ची उचलून दाराशी घेऊन गेली आणि त्यांच्या शेजारी बसली.