त्रेचाळीस पत्रं आणि एक हरकत

विषय १. हजेरी

"गप्प बसा, सुरू झालं," सिराज म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

पडद्यावर इंग्लंडमधल्या आल्डरशॅम जिल्हा कौन्सिलची बांधकाम परवानगी समिती बसली होती. नऊ सभासद, नऊ पाण्याचे ग्लास. तिथे दुपारचे दोन, इथे कुवेतच्या बनेद अल-गारला चार. सोफ्यावर सिराज आणि त्याचा मित्र साबीर. जेवणाच्या टेबलाशी सिराजची बायको नूरबानू, घावनांची ताटली घेऊन.

त्यांची मुलगी माहीन तिकडे दातांची डॉक्टर. तिला घरामागे एक खोली वाढवायची होती, अम्मी-अब्बांसाठी. सिराजचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, डिसेंबरात संपत होता. तेहतीस वर्षांनी कुवेत सुटणार. खोली मंजूर झाली की दोघं कायमची माहीनकडे. सिराजने तसं ठरवलं होतं.

विषय २. पत्रव्यवहार

खरं तर ही बैठक व्हायचीच नव्हती. एवढीशी खोली तिथला अधिकारी स्वतःच्या सहीने मंजूर करतो. पण सिराज जन्मभर एका कंपनीचा मंदूब. सरकारी खात्यांतून कागद फिरवायचे, शिक्के आणायचे. मागून धक्का दिल्याशिवाय कागद हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने कुवेतातल्या सगळ्या कोकणी मंडळींना कामाला लावलं. मिरकाबच्या दुकानदारांपासून खैरानच्या आचाऱ्यांपर्यंत त्रेचाळीस जणांनी कौन्सिलला पाठिंब्याची पत्रं धाडली. बेचाळीस पत्रांत मजकूर एकच होता. त्रेचाळिसावं साबीरचं. त्यात त्याने कौन्सिलला ईद मुबारकही म्हटलं होतं.

आल्डरशॅमचा नियम असा, की दहाच्या वर पत्रं आली तर प्रकरण वादग्रस्त. समितीपुढे न्यायचं.

"अब्बा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" माहीन फोनवर ओरडली होती. "इट वॉज सो सिम्पल!"

विषय ३. नूरबानू

"मी काय म्हणत होते, आपण एकदा—"

"थांब गो जरा."

(विषय ३ मागे ठेवून विषय ४ घेण्यात आला.)

विषय ४. हितसंबंध

एक टकला सभासद उभा राहिला. अर्जदार बाई माझे दात बघतात, म्हणाला, तेव्हा या अर्जावर मी मत देणार नाही. आणि तो चक्क दालनाबाहेर निघून गेला.

"अरे! चालला कुठे?" सिराज उठून उभाच राहिला. "तोच तर आपला माणूस!"

"ओळख निघाली म्हणून बाहेर गेला?" साबीर हळहळला. "कसला मुलूख हा, सिराजभाय? आपल्याकडे ओळख निघाली की माणूस आत घेतात."

"माहीनने त्याचा एक दात तरी ठेवायला नको होता."

"अहो, त्या खोलीची खिडकी—"

"आहे गो खिडकी! नकाशात बघितली मी."

विषय ५. हरकत

अध्यक्ष बाईंनी आकडे वाचले. पाठिंबा त्रेचाळीस. हरकत एक.

"माहीनची ती शेजारीण," सिराज म्हणाला. "कुत्रीवाली. मला पहिल्यापासून शंका होती."

हरकतदार परदेशात आहेत, अध्यक्ष बाई म्हणाल्या, त्यांचं निवेदन आमचे कारकून वाचतील. वेळ तीन मिनिटं. तेवढ्या वेळात कोणीही मधे बोलू नये.

कारकुनाने चष्मा नाकावर चढवला.

"नकाशातली खोली बारा बाय दहा आहे. खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसते."

"दिसेना का! हिला काय करायचंय?"

"मुलगी सकाळी आठला जाते, संध्याकाळी सहाला येते. तोवर त्या खोलीत मी आणि माझे मिस्टर. ते निवृत्त झालेले. दिवसभर बोलायला त्यांना मी एकटी."

साबीरने चहाचा कप हळूच खाली ठेवला. सिराजने मान वळवून टेबलाकडे पाहिलं. नूरबानू टीव्हीकडे बघत होती, पहिल्यांदाच लक्ष देऊन.

"श्रीवर्धनला आम्ही घर बांधलंय. चौदा वर्षांत मी त्यात एकोणपन्नास दिवस राहिले. माझ्या दोन्ही बहिणी हाकेच्या अंतरावर आहेत. मिस्टरांना भांडायला अख्खी ग्रामपंचायत आहे. मुलीकडे मला जायचंय, पण पाहुणी म्हणून. महिनाभर, फार तर दोन. तिने खोली जरूर बांधावी. आम्हाला कायमचं ठेवायला बांधू नये. हे मी घरी सांगायचा प्रयत्न केला. वाक्य पुरं होत नाही."

कारकून संथपणे शेवटच्या ओळीवर आला. नाव नूरबानू. राहणार बनेद अल-गार, चौथा मजला. इंग्रजी करून देणारी शेजारची इक्रा.

विषय ६. मतदान

निवेदन मनाला लागतं, अध्यक्ष बाई म्हणाल्या, पण बांधकामाच्या कायद्यात बसत नाही. आठ हात वर गेले. खोली मंजूर.

साबीरला एकाएकी काहीतरी काम आठवलं. जाताना त्याने दोन घावनं उचलली.

पडद्यावर कोणाच्या तरी कुंपणाची उंची सुरू झाली. सिराजने टीव्ही बंद केला.

"फेटाळली तुझी हरकत," तो म्हणाला. "कुठल्या कुठे त्या कौन्सिलला सांगत बसलीस. मला सांगायचंस."

"तुम्हालाच सांगितलं," नूरबानू म्हणाली. "तिथे तीन मिनिटं कोणाला मधे बोलू देत नाहीत, म्हणून तिथून सांगितलं."