वकिलाचं चरित्र

थोरांना काळ पुसू शकत नाही, असं प्राध्यापक राजीव टिपणीसचं ठाम मत होतं. म्हणून त्याने मेलबर्नमध्ये बसून जुन्या अमेरिकेतल्या एका सरहद्दीवरच्या वकिलाचं चरित्र लिहिलं. तो वकील पुढे सैनिक झाला आणि शेवटी पुढारी. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतली त्या चरित्राची एकुलती एक प्रत दर सेमिस्टरला कुणीतरी नेतं, याचा राजीवला भारी अभिमान.

सहकारी श्रीनाथ मात्र दर सेमिस्टरला लेख लिहून त्या चरित्रातल्या नव्या चुका काढायचा.

"तुझ्या वकिलाने द्वंद्वात माणसं मारली. तू वाचक मारतोयस, मेट," तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचा.

श्रीनाथ निवृत्त होऊन पुण्याला गेला, तेव्हा राजीवने डिपार्टमेंटभर पेढे वाटले.



वर्षभरात कुणीच नेलं नाही, म्हणून लायब्ररीने ते चरित्र रद्दीत काढलं.