पहिलं नाव

नळदुर्गच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या नवऱ्यानं समुद्री गोगलगायीची नवी जात शोधली आणि तिला नाव दिलं आपल्या विद्यार्थिनीचं, शिवांजलीचं. माझा नुसता जळफळाट! मीही त्याच विषयातली. महिनाभर तो शंख घरच्या कपाटातल्या जुन्या शंखांशी ताडत बसले. शेवटी जोड सापडलीच.

"अहो, ही जात नवी नाहीच. हिला आधीच नाव पडलंय. एका जातीला दोन नावं झाली की पहिलं राहतं. शिवांजली बाद!"

त्यांनी जुना शंख भिंगाखाली उलटासुलटा करून पाहिला.

"व्हय की, तीच आहे. कुणी शोधली होती ही?"

"तुम्हीच. आपलं लग्न ठरलं तेव्हा. माझं नाव दिलं होतं तिला."