जसे आहात तसे

"गालावरची ही गाठ कधीपासून आहे?" त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लहानपणापासून," फोटोवाल्याने ठोकून दिलं.

"अहो, काहीतरीच काय?" शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली. "दोन महिन्यांतली आहे, डॉक्टर. मसुराच्या दाण्याएवढी होती, आता द्राक्षाएवढी झालीये."

"हिला काहीही दिसतं, मॅडम. माझं तोंड आहे, मला माहीत नसेल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. बाहेर चाळीस पेशंट होते आणि समोरच्या जाडजूड फाइलची दोरी अजून सोडलेली नव्हती. नवऱ्याच्या शब्दाला पुरावा लागत नाही, बायकोच्या शब्दाला लागतो, हा नियम दवाखान्यातही चालतो.

"दुखते का?"

"छे!"

"मग घाई नाही. तीन महिन्यांनी दाखवा."

फोटोवाला लगेच उठला. मूत्रपिंडं गेली तेव्हा त्याने दोन वर्षं डायलिसिसवर काढली होती. पाच वर्षांपूर्वी बायकोने आपली एक किडनी दिली आणि तो सुटला. तेव्हापासून नुसता स्पिरिटचा वास आला तरी तो दाराकडे बघू लागायचा. पण आपण घाबरतो असं तो मेला तरी म्हणाला नसता. बायकोला भीती होती ती नेमकी या लपवाछपवीची.

त्यातून त्याचा धंदाच असा. तीस वर्षं तो लोकांच्या चेहऱ्यावरचे मस, डाग, पुटकुळ्या पुसत आला होता. दुकानावर मात्र पाटी होती, 'जसे आहात तसे'. कुणी विचारलंच तर छातीवर हात ठेवून सांगायचा, "आमच्याकडे फोटोला हात लावत नाही. लाइट चांगला असतो, बस." गिऱ्हाइकांना ते पटायचं, कारण आपण इतके देखणे आहोत हे त्यांना आधीपासूनच माहीत असायचं. याच इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर लावलेले डॉक्टरांचे फोटो त्याच्याच दुकानातले होते. समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंची दुसरी हनुवटी त्यानेच नाहीशी केली होती. बायकोला दुकानात फोटो कापायची आणि पाकिटात भरायची परवानगी होती. कॉम्प्युटरला हात लावायची नव्हती. "ते नजरेचं काम आहे, तुला नाही जमायचं," असं तो म्हणायचा.

"एक मिनिट," बायको म्हणाली. तिने पर्समधून पाकीट काढलं. "आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो. आठ दिवस झाले."

कोपऱ्यात तारीख होती. फोटोत नवराबायको शेजारी बसले होते, आणि नवऱ्याचा डावा गाल गुळगुळीत होता. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला, मग गाल बघितला, मग पुन्हा फोटो.

"आठ दिवसांत एवढी?" त्यांचं हसू मावळलं. "की फोटोत काही केलंय तुम्ही?"

फोटोवाल्याने तोंड उघडलं. त्या दिवशीही गाठ होती, दाढी करताना त्याने ती स्वतः चुकवली होती. पण तसं सांगायचं तर भिंतीवरची ती हनुवटीही सांगावी लागली असती.

"छे, मॅडम! आमच्याकडे फोटोला हात लावत नाही."

"ते माहितीये मला. माझाही फोटो तुमच्याकडचाच आहे," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी फाइलची दोरी सोडली आणि पहिल्याच पानावर थबकल्या. "किडनी बदललीये? प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू आहेत? आणि हे मला आत्ता कळतंय!"

फाइल मघापासून तिथेच होती.

त्याच दुपारी गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला, कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून समजावलं. "एक विषाणू असतो. बहुतेकांच्या कातडीवर असतो आणि मुकाट पडून राहतो. किडनी टिकावी म्हणून तुमच्या शरीराचा पहारा आम्ही गोळ्यांनी ढिला केलाय. तेवढ्यात याने डाव साधला. असली गाठ दुखत नाही, म्हणून माणसं बसून राहतात. तीन महिन्यांनी आला असतात, तर माझ्याही हातात फारसं काही उरलं नसतं."

फोटोवाल्याने पहिल्यांदाच बायकोचा हात चारचौघांत धरला.

ऑपरेशन झालं. रोग मानेतल्या गाठींपर्यंत पोचला नव्हता. पुढे रेडिएशन झालं, गोळ्या बदलल्या, आणि गालावर पट्टी लावून तो पुन्हा दुकानात बसू लागला. दोन दिवसांत त्याची जीभ मोकळी झाली. घरच्या माणसांना तो खालच्या आवाजात सांगायचा, "हाताची सवय हो! वाढदिवसाचा फोटो माझ्याही नकळत साफ केला असणार मी. स्वतःच्या हाताने वाचलो." बायको फोटो कापत बसायची.

एका दुपारी त्याने कौतुकाने तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. त्याने टायमर लावून काढलेला मूळ फोटो जसाच्या तसा होता, गालावर गाठ ठसठशीत. शेजारी दुसरी प्रत होती, साफ केलेली. कॉम्प्युटरवरच्या तारीखवेळेप्रमाणे ती प्रत दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दुपारी बनवलेली होती. त्या वेळी तो रोजच्यासारखा जेवून झोपला होता.

त्याने प्रत मोठी करून बघितली.

"गाठीची सावली राहिलीये," सवयीने त्याच्या तोंडून गेलं. मग तो हळूच बायकोकडे वळला. "तू डॉक्टरांना खोटा फोटो दाखवलास?"

"खरं आधी सांगून बघितलं की," पुढचा फोटो कापायला घेत ती म्हणाली.