फुलपुडीचा दोरा

माझी सून श्वेता आज टोरोंटोहून पार्ल्याला यायला निघणार होती. फुलपुडीचा दोरा पृथ्वीच्या गोलावर ताणून मी नातीला, अक्षताला, अंतर दाखवलं. "साडेबारा हजार किलोमीटर. विमानाला पंधरा तास!"

तिने दोरा तेवढाच कापला आणि पुन्हापुन्हा लावून बघत बसली.

"आजोबा, दोरा उरतोय! आई जवळ आली!"

"नीट ताण गं, लबाडे," म्हणत मी स्वतः लावून पाहिला. गोलावर दोन्ही शहरांमध्ये आता बोटभरच जागा उरली होती.

तेवढ्यात श्वेताचा फोन आला. "बाबा, विमान अजून सुटलंच नाही."

दाराची बेल वाजली. अक्षता टाळ्या पिटत धावली.

"कोण आलंय, बाबा?" श्वेताने फोनवर विचारलं.

दाराबाहेरून तिच्याच आवाजात हाक आली, "अक्षू, दार उघड गं!"

अक्षताने हसत कडी काढली.