उजवी कळी

कृष्णात गुरवानं डावी कळी पाण्यात चिंब भिजवली आणि देवीच्या खांद्यावर अंगठ्यानं दाबून बसवली. उजवी नुसती ओली केल्यासारखी करून टेकवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. आज डावी पडून चालणारच नव्हतं.

समोर त्याची थोरली बहीण शालूबाई पदर पसरून बसली होती. मुरगूडहून मुद्दाम आलेली. टीबीच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, खोकला थांबला, पण गोळी गिळली की मळमळायचं, अन्न जाईना. सहा महिने घ्यायच्याच म्हणून डॉक्टर ओरडून दमले, कृष्णात ओरडून दमला. शेवटी ती म्हणाली, "देवी सांगंल तसं करीन. तिच्याफुडं तू कोण आन् तुझा डाक्टर कोण!"

"कौल मनातच माग, आक्का." त्या देवळाची तशी रीतच होती.

उजवी टपकन पडली. शालूबाईनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. झक मारत खाणार आता गोळ्या, कृष्णातच्या मनात आलं. लबाडी केली असं त्याला मुळीच वाटलं नाही. आक्का जगावी असं देवीलाही वाटत असणारच की!

सकाळी पूजा करून तो गारगोटीला हायस्कूलवर जायचा, विज्ञान शिकवायला. त्याच आठवड्यात दहावीला उत्क्रांती आली. "औषधाच्या माऱ्यात जे जंतू तग धरतात, त्यांचीच पुढं पैदास वाढते. म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नसतात," त्यानं सांगितलं.

पुढच्या बाकावरची स्नेहल म्हणाली, "सर, तुम्ही तर देवीचे पुजारी. मग दोन्ही खरं कसं?"

"का? एका घरात दोन माणसं नांदत न्हाईत व्हय?" सगळा वर्ग हसला. कृष्णातही हसला. त्या दिवशी तो स्वतःवर भलताच खूश होता.

दर रविवारी तो बहिणीला फोन करायचा. "देवीनं सांगितलंय तसं चाललंय न्हवं?"

"व्हय की. अगदी तसंच."

पाचव्या महिन्यात शालूबाईच्या तोंडातून रक्त आलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कृष्णातला बाजूला घेतलं. "जंतू आता या गोळ्यांना दाद देत नाहीत. मध्येच बंद केल्या की असं होतं. दुसरी औषधं देऊन बघू, पण फुप्फुसं उरलीच नाहीत. घरच्यांना बोलावून घ्या."

कृष्णात खाटेजवळ आला. राग आवरेना, रडू आवरेना. "आक्का, गोळ्या सोडल्यास? उजवी पडली हुती की गं! देवीचं तरी ऐकायचंस!"

शालूबाईला धाप लागली होती. तरी तिनं त्याचा हात धरला, समजूत काढावी तसा.

"ऐकलं की रं. म्या तिला इचारलं हुतं, आई, गोळ्या बंद करू का?"