शून्य पावलं

"आप्पा, आजही शून्य पावलं? खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर चालला नाहीत, तर कायमचं अंथरूण धराल हो!" आप्पांच्या मनगटी घड्याळाचे आकडे मोबाइलवर बघून त्यांची लेक हेवॉन सोल शहरातून रोज फोनवर रडायची. गावाकडून आप्पांचं एकच उत्तर यायचं, "चाललो गं पोरी, देवाशपथ!"

शेवटी रजा टाकून ती गावी धडकली. आप्पांच्या खोलीतल्या ट्रेडमिलवर एकूण आकडा होता, २१४ किलोमीटर. तिनं पाठवलेलं घड्याळ दुसऱ्या कंपनीचं, ट्रेडमिलशी त्याचं जुळेचना. ते बिचारं हाताच्या झोक्यावरून पावलं मोजत बसलं होतं.

"मग हात हलवायचे ना, आप्पा!" ती हुंदका देत म्हणाली.

 

आप्पांनी ट्रेडमिलच्या दांडीवर चिकटवलेला कागद दाखवला. अक्षर तिचंच होतं: 'आप्पा, पडाल. दोन्ही हातांनी धरूनच चाला.'